ढिलं शिवणारी

आमच्या बिल्डिंगमध्ये बातमी अशी होती, की काकूनं काकाच्या शर्टाचा तुकडा यानात शिवून अंतराळात पाठवला.

मला ती पहिल्यांदा दुसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त मास्तरांनी लिफ्टमध्ये सांगितली. मास्तर काहीही सांगतात ते तोंडी परीक्षा घेतल्यासारखं. "काय शिवलं? शर्ट शिवला. कुणाचा शिवला? नवऱ्याचा शिवला. कुठं शिवला?" आणि मग भुवया वर करून थांबतात, उत्तर मी द्यावं म्हणून. इस्त्रीवाल्यापर्यंत पोचेस्तोवर तुकड्याची अख्खी बाही झाली होती. "निळ्या चौकडीचा होता," तो म्हणाला. "कॉलर जरा घासलेली. मीच इस्त्री फिरवायचो ना त्यावर, मला नाही माहीत?" त्याचं प्रत्येक वाक्य शेवटी इस्त्रीच्या वाफेसारखं हुस्स करून सुटतं. पार्लरवालीच्या तोंडाला लेप होता. ओठ हलवायची बंदी असल्यामुळे ती नुसत्या दातांमधून म्हणाली, "हटणाला त्याचा केस गुंडाळलाय हणे."

तिघांच्याही नकला मी रात्रीच्या जेवणाच्या वेळी करून दाखवल्या. आईला ठसका लागला. बाबा हसू दाबत काकूकडे बघत राहिले. काकू ताटातली कोशिंबीर संपवत होती. मी शेवटी तिलाच विचारलं, "काकू, शिवलास का गं तू काकाचा शर्ट त्यात?"

"शर्टाचं तिथं काय काम?" काकू म्हणाली. "तो कपाटात आहे. वरच्या कप्प्यात. बघ हवं तर."

मी बघितला. होता.

खरी गोष्ट अशी, की शर्ट सोडाच, काकूला तिथं स्वतःच्या डोक्यावरचा केससुद्धा मोकळा न्यायची सोय नाही. ती यानाची पांघरुणं शिवते. खरंच शिवते, सुईदोऱ्यानं. ज्या खोलीत शिवते तिला दोन दारं आहेत. पहिल्या दारातून आत गेलं की चारही बाजूंनी वारा अंगावर मारतात, मग पांढरा झगा, टोपी, तोंडावर फडकं, हातमोज्यांवर हातमोजे. डोळे तेवढे उघडे. पावडर नाही, अत्तर नाही, लोकर नाही. पेन्सिलसुद्धा नाही, तिची भुकटी उडते म्हणून. सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे पिंजर, कपड्यांवरून बारीक तंतू झडतात ते. खोलीत पिंजर दिसलं की काम थांबतं आणि सगळे एकमेकांकडे चोरासारखे बघायला लागतात. एकदा एका तंत्रज्ञाच्या मोज्याचा धागा जमिनीवर सापडला, तर त्याचं नाव 'मोजा' पडलं. तो नोकरी सोडून गेला तरी नाव तिथंच राहिलं. कुठंही काही सांडलं की म्हणतात, मोजा येऊन गेला वाटतं.

अशा खोलीत कोण कुणाच्या शर्टाचा तुकडा नेणार? पण बिल्डिंगला हे सांगून उपयोग नाही. बिल्डिंगला शर्टच आवडला होता.

काकू म्हणजे बाबांच्या मोठ्या भावाची बायको. आमच्या समोरचं दार त्यांचं. काका लिफ्ट दुरुस्त करायचा आणि घरात येताना दाराशी 'दार उघडत आहे' असं लिफ्टमधल्या बाईच्या आवाजात म्हणायचा. ती नक्कल मी त्याच्याकडूनच उचलली. एका दुपारी तो जेवून आडवा झाला तो उठला नाही. काकू तेव्हा त्या खोलीत होती. निरोप गेला, पण आतून बाहेर यायलाही रीत आहे. सुई मोजून घेतलेली असते, ती मोजून द्यावी लागते. अर्धवट काम झाकावं लागतं. झगा वरून खाली असा ठरलेल्या क्रमानं उतरवावा लागतो. काकूनं सगळं क्रमानं केलं आणि मग आली. आमच्या एका लांबच्या आत्याला हे फार लागलं. "नवरा तिकडे पडलाय आणि ही सुया मोजतेय," असं ती नाकातून म्हणत हिंडली. हेही मी छान करून दाखवते, पण घरात नाही.

काकू रडली नाही. ओरडली नाही. तिचा आवाज मात्र एका पट्टीत जाऊन बसला आणि तिथून हलेना. मीठ कमी आहे, बस चुकली, आज त्यांना जाऊन तीन महिने झाले, सगळं एकाच सुरात. मी बिल्डिंगमधल्या कुणाचीही नक्कल करते, कुत्र्यांसकट, पण काकूची जमत नव्हती. धरायला काही सापडतच नव्हतं. लिफ्टमधली बाईसुद्धा 'दार' म्हणताना जरा वर चढते. काकू कुठंच चढत नव्हती.

मग एका सकाळी तिनं गॅसवरचं दुधाचं पातेलं उघड्या हातांनी उचललं आणि ओट्यावर ठेवलं. फडकं नाही, सांडशी नाही. आईच्या हातातली वाटी खाली पडली. "अहो वहिनी, हात."

काकूनं हात उलटेपालटे करून बघितले. बोटं लाल झाली होती. "हो का," म्हणाली.

दहाही बोटांची टोकं बधिर झाली होती. कधीपासून, ते तिलाही सांगता येईना. डॉक्टरांनी टाचण्या टोचल्या, तारा लावल्या, हातोडी मारली. हे डॉक्टर प्रत्येक वाक्य गिऱ्हाइकाला साडी दाखवल्यासारखं पसरतात. "छान आहे हं. नस छान आहे. रक्त छान आहे. सगळं छान आहे."

"मग कळत का नाही?" काकूनं विचारलं.

"त्याला वेळ द्यायचा."

"किती?"

डॉक्टर कॉम्प्युटरकडे वळले आणि काहीतरी छान टाइप करायला लागले.

आता, बधिर बोटांनी माणूस भाजी चिरू शकतो, बस पकडू शकतो, झोपू शकतो. काकूचं काम मात्र बोटांच्या टोकावर होतं. ते कसं, हे सांगायला पाहिजे, कारण मलाही ते ऐकेपर्यंत खरं वाटलं नव्हतं.

पांघरूण म्हणजे चकचकीत पातळ पापुद्र्यांचे पदर, चॉकलेटच्या चांदीपेक्षा पातळ. दोन पदरांच्या मध्ये जाळी, नवरीच्या डोक्यावरच्या ओढणीसारखी. असे एकावर एक बरेच पदर घ्यायचे आणि टाके घालायचे. पण घट्ट नाही. पदर एकमेकांना टेकले की ऊब एकातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात अशी चालत बाहेर निघून जाते. न टेकता नुसते जवळ राहिले, की ऊब आत राहते. म्हणून तिथं ढिलं शिवावं लागतं. टाका असा पडला पाहिजे की कापड धरलं जावं पण दाबलं जाऊ नये. चांगला शिंपी तिथं पहिल्या दिवशीच नापास होतो, कारण त्याचा हात दोरा ओढल्याशिवाय राहत नाही. काकूच्या हाताखाली शिकायला आलेल्या मुलींना ती एवढंच म्हणायची: "ढिलं. अजून ढिलं. अगं, नवीन लग्न झाल्यासारखं नको धरूस. जुनं झाल्यासारखं धर." हे काका असतानाचं. तेव्हा ती असं काहीबाही बोलायची.

पदर तरंगतायत की बसलेत, ते डोळ्यांनी दिसत नाही. दोन्ही हातमोज्यांतून बोटाच्या टोकाला कळतं. तेच आता कळत नव्हतं.

आणि नेमकं तेव्हाच यानाचं शेवटचं पांघरूण शिवायचं राहिलं होतं. बाकी सगळी तिची शिवून झाली होती: पाठ, पोट, पायांचे मोजे. राहिली होती कॅमेऱ्याची पेटी, सगळ्यात बाहेरच्या टोकाला असलेली. तिला त्यांच्यात 'कॉलर' म्हणायचे. सूर्याकडे पाठ करून ते यान लांब लांब जाणार होतं. तिथं कॅमेऱ्याला थंडी लागली तर तो मरणार. एकदा इथून सुटलं की त्याच्या जवळ जाऊन कुणी टाका सैल करू शकत नाही. माणसाचा हात त्याला परत कधीच लागणार नाही.

काकूनं लपवलं नाही. दुसऱ्या दिवशी जाऊन मोठ्या बाईंना सांगून आली. मोठ्या बाई वयानं लहानच आहेत, पण दशांश चिन्हाशिवाय बोलत नाहीत, म्हणून तिथं सगळे त्यांना पॉइंट मॅडम म्हणतात. चहात साखर विचारली तरी "पॉइंट पाच चमचा" म्हणतात. काकू त्यांना म्हणाली, "माझ्या बोटांना काही कळत नाही. तपासून घ्या आणि मग सांगा."

पॉइंट मॅडमनी एक चाचणीचा तुकडा शिवायला दिला. तो मग हवा काढून घेतलेल्या, गार केलेल्या पिंपात ठेवून बघतात, ऊब किती टिकते ते. आठवड्यानं निकाल आला. पॉइंट मॅडम स्वतः दारापर्यंत येऊन गेल्या. मीच दार उघडलं होतं.

"ताई, शिवण फार सुंदर आलीय," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा चेहरा कुणी वारल्यासारखा होता.

काकूनं मान हलवली. "सुंदर" म्हणजे काय ते दोघींनाही माहीत होतं. घट्ट.

"अजून पॉइंट आठ महिना आहे आपल्या हातात," मॅडम म्हणाल्या. "तुम्ही परत एकदा करा. नाहीच झालं तर कॉलर दुसऱ्या शिवणारीला द्यावी लागेल. तुम्हाला पॅकिंगमध्ये जागा आहे. तुम्ही कुठं जाणार नाही."

त्या गेल्यावर आई म्हणाली, "वहिनी, घ्या ना पॅकिंग. जिवाला त्रास कशाला?"

"त्या खोलीत काय करायचं ते ठाऊक असतं," काकू म्हणाली. "इथं नसतं."

तेवढंच. कॉलर गेली की काकूकडे सकाळी उठून करण्यासारखं काही उरणार नव्हतं, हे आम्हाला सगळ्यांना दिसत होतं. पॅकिंगमध्ये माणूस दिवसभर खोक्यांवर चिकटपट्टी लावतो. काकूनं महिनाभरात स्वतःलाही एका खोक्यात ठेवून वर पट्टी लावली असती, आणि तेही नीट कोपऱ्याला कोपरा जुळवून.

नापास तुकडे घरी आणायला तिला परवानगी मिळाली. ती आमच्या जेवणाच्या टेबलावर बसून शिवायची, उसवायची, शिवायची. बोट तुकड्यावर ठेवायची आणि कुणी बोलेल म्हणून वाट बघितल्यासारखी बसायची. मग हात उचलायची.

मी म्हटलं, आपल्याकडे कान आहेत. ढिला तुकडा टिचकी मारली की 'खर्र' म्हणतो, घट्ट तुकडा 'टप' म्हणतो. दोन्ही आवाज मी तोंडानं काढून तिच्याकडून घोकून घेतले. बाथरूममधून, जिन्यातून, भाजी निवडताना मी मध्येच 'खर्र' करायची आणि ती न बघता म्हणायची, "ढिलं." "टप." "घट्ट." मला वाटलं, झालं, मी अंतराळ वाचवलं. मोठ्या तोऱ्यात तिला कामाला धाडलं. संध्याकाळी ती परत आली, चप्पल काढली.

"काय झालं?"

"पंखे असतात," काकू म्हणाली.

त्या खोलीत हवा स्वच्छ ठेवायला छतभर पंखे चालतात आणि ते कधीच बंद करत नाहीत. त्या घरघरीत टाळी ऐकू येत नाही, मग टिचकी कुठली. तिला हे आधीपासून माहीत असणारच. मग मला महिन्यातले इतके दिवस खर्रटप का करू दिलं, असं मी विचारलं.

"तू खूश होतीस," ती म्हणाली. त्याच पट्टीत.

मग काय झालं ते अगदी किरकोळ आहे. रविवारची दुपार. काकू टेबलाशी, समोर तुकडा. वर ट्यूबलाइट लावलेली, कारण बाहेर ढग होते. बाबा पेपर घेऊन बसायला म्हणून खुर्ची ओढत आले. खुर्ची फरशीवर करकरली, टेबलाला धक्का लागला. काकू वाकून तुकड्याकडे बघायला लागली.

"भाऊजी, परत ओढा."

"काय?"

"खुर्ची. परत ओढा."

बाबांनी ओढली. चकचकीत पापुद्र्यात ट्यूबलाइटची रेघ दिसत होती, तीही हलली. हलली म्हणजे थरथरत राहिली, पाण्यात दिसते तशी. काकूनं तो तुकडा बाजूला केला, सुंदरवाला ठेवला. "ओढा." रेघ सरळच. पट्टी ठेवल्यासारखी. घट्ट शिवलेल्यात दिवा सरळ दिसत होता, ढिल्यात लटपटत होता.

"ओढा," काकू म्हणाली.

बाबांनी संध्याकाळपर्यंत खुर्ची ओढली. खालच्या मजल्यावरून दोनदा काठीनं छत ठोकलं गेलं. तिसऱ्यांदा खालचे आजोबा वर आले. "तुम्ही फर्निचर हलवताय की भूत उतरवताय?" बाबा म्हणाले, "वहिनी यान शिवतायत." आजोबा म्हणाले, "मग बसून शिवा की."

त्या खोलीत खुर्ची ओढायची नसते. तिथं काकू बुटाच्या टाचेनं टेबलाच्या पायाला हलकेच टेकायची आणि वरच्या दिव्याकडे न बघता त्याच्या प्रतिबिंबाकडे बघायची. टाका, टेक, बघ. टाका, टेक, बघ. बोटांना काही विचारायचंच नाही. पॉइंट मॅडम काचेपलीकडे उभ्या राहून बघत होत्या. मोजमाप करायचं यंत्र आणू का, असं त्यांनी विचारलं, आणि आणून लावलंही. यंत्र आणि काकू दोघंही बहुतेक वेळा एकच सांगायची. जिथं दोघांचं पटत नसे तिथं काकू आणि मॅडम मिळून ते टाके उसवून परत घालायच्या. दुसरा तुकडा पिंपातून बाहेर आला आणि पॉइंट मॅडम म्हणाल्या, "गबाळं दिसतंय, ताई." आणि हसल्या.

काकू घरी येऊन आईला म्हणाली, "गबाळं आहे म्हणाल्या." आई बिचारी तिला जवळ घ्यायला उठली. मला सांगावं लागलं की ही चांगली बातमी आहे.

कॉलर काकूनंच शिवली. पूर्ण झाली त्या दिवशी ती नेहमीच्या बसनं नेहमीच्या वेळी आली. जेवली. कसं वाटतंय, असं बाबांनी विचारलं. तिनं थोडा विचार केला आणि म्हणाली, "काही नाही वाटत."

यान सुटलं ते आम्ही आमच्या घरी टीव्हीवर बघितलं. मास्तर, इस्त्रीवाला, पार्लरवाली, अर्धी बिल्डिंग आमच्या सोफ्यावर आणि सोफ्याच्या हातांवर. धूर झाला, आग झाली, ते वर निघालं. "काय गेलं?" मास्तर म्हणाले. "यान गेलं. कुठं गेलं?" सगळ्यांची तोंडं उघडीच होती. पार्लरवाली रडत होती आणि लेप नसल्यामुळे सगळे ओठ हलवून रडत होती. "काय ते आयुष्य माणसाचं," ती म्हणाली, "आपण इथं भुवया कोरतोय." काकू मटार सोलत होती. मान वर करून तिनं पूर्ण बघितलं, ठिपका दिसेनासा होईपर्यंत. मग खाली बघून तिच्या लक्षात आलं की मटार ती सालांच्या ताटात टाकत होती आणि सालं भांड्यात. बोटांना फरक कळला नव्हता. तिनं ते उलटं वेचायला घेतलं.

त्यानंतर वाट बघायची होती. कॅमेरा झोपलेला ठेवला होता, काही महिन्यांनी उठवणार होते. तो उठला तर कॉलरनं ऊब धरली. नाही उठला तर नाही. तो उठून पहिला फोटो कशाचा काढणार, असं मी विचारलं तर काकू म्हणाली, मागे वळून आपलाच काढणार, तिथं दुसरं उजेडातलं काही नसतं. आजूबाजूला काय असतं मग? "काही नसतं." किती लांबपर्यंत काही नसतं? "फार लांबपर्यंत. मॅडम म्हणतात, आपण इथं जन्मलो ते कौतुकच आहे. बाकी सगळं रिकामं." हे तिनं 'कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या' अशा सुरात सांगितलं.

मला तेव्हा खात्री होती, की फोटो आला की हिची बोटं जागी होणार. मी तशा गोष्टी सिनेमात पुष्कळ बघितल्या होत्या. सगळीकडे असंच होतं: यान पोचतं, बाई रडते, हात बरा होतो. मी तिला तसं सांगितलंही.

"नाही होणार," काकू म्हणाली.

"लाव पैज."

"काय लावतेस?"

"मी हरले तर महिनाभर भांडी मी घासीन. सगळी. तू हरलीस तर माझ्याबरोबर सिनेमाला यायचं आणि पूर्ण बघायचं, अर्ध्यात उठायचं नाही."

तिनं क्षणभर बघितलं. "बरं," म्हणाली.

फोटो ज्या दिवशी येणार होता त्या दुपारी काम केलेल्या सगळ्यांना बोलावलं होतं. काकूबरोबर मी गेले. मोठ्या हॉलमध्ये गर्दी होती आणि भाषण चालू होतं. पॉइंट मॅडमनी काकूला मागच्या दारानं आपल्या टेबलाकडे नेलं. म्हणाल्या, पडद्यावर नंतर बघा, आधी इथं बघा. कॅमेरा उठला होता. हे त्यांनी चालता चालताच सांगितलं. "पेटी ऊबदार आहे, ताई. ठरवलं होतं त्याहून पॉइंट चार जास्तच." काकूनं मान हलवली. तिच्या चेहऱ्यावर काही नव्हतं.

टेबलावर कॉम्प्युटर. पडदा काळा. नुसता काळा, आणि त्यात, मधोमध नाही, जरा बाजूला, एक पांढुरका ठिपका. त्याच्या शेजारी दुसरा, अगदी बारीक.

काकू पुढं वाकली. तिचा श्वास आत गेला तो बाहेर येईना.

"पिंजर आहे," ती म्हणाली.

आणि तिचा आवाज हलला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तो त्या पट्टीवरून घसरला, खाली, कुठंतरी खोल. माझ्या कानांनी तो घसरताना ऐकला.

"मॅडम, काचेवर पिंजर आहे. दोन कण आहेत. कॉलरच्या बाजूनं आलंय. माझ्या बाजूनं आलंय." तिनं बोट पुढं करून पडदा पुसला. ठिपका गेला नाही. परत पुसला, जोरात. "इथलं नाही. वरचं आहे. तिथं कोण पुसणार आता? मी झगा झटकला होता. मी प्रत्येक वेळी झटकला होता."

"ताई," पॉइंट मॅडम म्हणाल्या.

"माझंच असणार. माझ्या बोटांना..."

"ताई, पिंजर नाहीये ते. पिंजराला चंद्र असतो का?" त्यांनी त्या बारीक ठिपक्याकडे बोट दाखवलं. "हा चंद्र. आणि हे आपण."

काकूचं बोट तिथंच होतं. ठिपका त्याखाली पूर्ण झाकला गेला होता. तिनं बोट थोडं सरकवलं. ठिपका परत दिसला.

"आपण म्हणजे?"

"सगळे."

हॉलमधून टाळ्या ऐकू आल्या. तिकडे पडद्यावर आत्ता दाखवला असणार. कुणीतरी माईकवर म्हणत होतं की मानवजात, मानवजात, आणि माईक किंचाळत होता. एरवी मी त्या माणसाची नक्कल तिथल्या तिथं उचलली असती.

"गेलेले पण?" काकूनं विचारलं.

पॉइंट मॅडम उठल्या. चष्मा काढून त्या पडद्याजवळ गेल्या, जणू त्यांनाही तपासून बघायचं होतं. "हो," त्या म्हणाल्या. "गेलेले पण त्यातच. त्याच्या बाहेर राहायला कुणी गेलेलंच नाही, ताई."

या वाक्यात दशांश चिन्ह नव्हतं.

काकूनं मान हलवली. श्वास बाहेर सोडला. "मग ठीक आहे," ती म्हणाली, आणि आवाज परत आपल्या पट्टीवर जाऊन बसला होता. मी तो जाताना ऐकला. कुणी दार लावून घ्यावं तसा, हळू, कडी न वाजवता.

पण पैज होती. आणि बोट अजून पडद्यावर होतं. मी तिच्या कोपराला धरलं.

"काकू, काही कळतंय?"

तिनं बोट दाबलं. नखाच्या कडा पांढऱ्या होईपर्यंत दाबलं. माझं सगळं लक्ष त्या बोटाकडे.

"नाही."

"काच आहे एवढं तरी?"

"नाही."

"पडदा गरम आहे बघ. चांगला गरम आहे."

"असेल," काकू म्हणाली.

तिनं बोट काढलं. पडद्यावर त्याचा ठसा उमटला होता, तो तिनं पदराच्या टोकानं पुसून काढला, ठिपक्याच्या कडेकडेनं. पॉइंट मॅडमनी आम्हाला चहा पाजला. आम्ही बसनं परत निघालो.

आमचा थांबा आला तेव्हा काकू उठली, दांड्याला धरलं, धरलंय की नाही ते डोळ्यांनी बघून घेतलं.

"कढईपासून सुरू कर," ती म्हणाली. "सकाळीच भिजत घातलीय."